मोहीम फसल्यानंतरचा खेळ

आळीपाळीने चाली खेळायच्या डावपेचांच्या व्हिडिओ गेममध्ये एखादी मोहीम फसली तर पुढे काय व्हावे, हा प्रश्न वरवर पाहता खेळणाऱ्यांपुरता वाटतो. मला तो त्याहून मोठा वाटतो. असे खेळ रात्र रात्र जागून खेळणारी मुले आज धुळे, अमळनेर, शिरपूर, भुसावळ येथल्या वसतिगृहांत आणि घरांत आहेत, आणि हरणे म्हणजे काय याविषयी त्यांच्या मनात जे काही घडत जाते त्यात या खेळांचाही वाटा असतो. पालकांच्या आणि शिक्षकांच्या बोलण्यात मात्र प्रश्न एकच असतो, की मूल किती वेळ खेळते. हरल्यावर तो खेळ त्या मुलाला काय करायला लावतो, हे सहसा कोणी विचारत नाही. माझे म्हणणे असे आहे की फसलेल्या मोहिमेची किंमत खेळाडूला मोजावी लागली पाहिजे, ती खेळाच्या जगातच मोजली गेली पाहिजे, ती भरून काढण्याची वाट खुली असली पाहिजे, आणि मोहीम फसली म्हणून कथा तिथे थांबता कामा नये. बहुतेक खेळ यांतल्या एखाद्या तरी अटीवर कमी पडतात.

सर्वांत प्रचलित रचना सर्वांत सोपीही आहे. पडद्यावर मोहीम फसल्याची पाटी येते, बटण दाबले की तीच मोहीम पहिल्यापासून सुरू होते, पडलेले सैनिक पुन्हा उभे असतात आणि शत्रूही आपापल्या जागी परतलेला असतो. अशा रचनेत हरणे घडतच नाही; जिंकायला थोडा उशीर होतो, एवढेच. दुसऱ्या वेळी खेळाडू अधिक चांगला विचार करतो असेही नाही. शत्रू कोणत्या भिंतीआड दबा धरून बसला आहे हे त्याला आता आधीच ठाऊक असते. अपुऱ्या माहितीवर निर्णय घेण्यात डावपेचांच्या खेळाचा सगळा कस असतो, आणि ही रचना नेमका तोच काढून घेते.

१९९४ साली आलेल्या ज्युलियन गॉलप यांच्या ‘युफो : एनिमी अननोन’ या खेळाने वेगळी वाट धरली होती. परग्रहावरून आलेल्या आक्रमकांशी लढणारी संघटना खेळाडूने चालवायची असते. जमिनीवरची एखादी लढाई हरली तर खेळ संपत नाही, पण त्या हरण्याचे परिणाम एकेक करून समोर येत राहतात. गेलेले सैनिक परत येत नाहीत; सगळे पथक कापले गेले तर त्यांना घेऊन गेलेले विमानही हातचे जाते; महिनाअखेरीस देशांकडून येणारा निधी घटतो; एखादा देश शत्रूशी करार करून निधी देणेच बंद करतो. तरीही नवी भरती करता येते, संशोधन चालू राहते, दुसरे विमान घेता येते. लढाई हाताबाहेर जात असेल तर माघारीची सोयही या खेळात आहे. विमानापर्यंत जे पोहोचले ते वाचतात, मागे राहिलेले गमावले जातात. जिंकणे आणि हरणे यांच्या मधली ही जागा मला फार मोलाची वाटते, कारण ‘मोहीम तर गेली, पण अजून दोघांना वाचवता येईल का’ हा प्रश्न फक्त तिथेच उभा राहतो, आणि त्याचे उत्तर शोधताना खेळाडू जितका विचार करतो तितका तो सोप्या विजयात कधीच करत नाही.

याच खेळाचे नवे रूप ‘एक्सकॉम : एनिमी अननोन’ या नावाने फिराक्सिस कंपनीने २०१२ मध्ये आणले. त्यात संघटनेला पाठबळ देणारे १६ देश आहेत आणि प्रत्येक देशात भीतीची पातळी मोजली जाते. ती टोकाला पोहोचली तर महिन्याच्या शेवटी तो देश कायमचा बाहेर पडू शकतो, आणि असे ८ देश गेले की खेळ संपतो. शत्रू एकाच वेळी तीन शहरांवर उतरतो आणि खेळाडूला एकाच ठिकाणी पथक पाठवता येते, अशा मोहिमा यात वारंवार येतात. म्हणजे निवडलेली मोहीम उत्तम रीतीने जिंकली तरी उरलेल्या दोन देशांत भीती वाढतेच. काही गोष्टी आपण गमावणारच आहोत, कोणत्या गमवायच्या एवढेच आपल्या हाती आहे, ही जाणीव खेळ इतक्या लवकर करून देतो की त्यानंतरचा पराभव अन्याय वाटत नाही. तो हिशेबातला एक खर्च वाटतो. दोन मोहिमांच्या मधल्या काळात तळावर गेले की पडलेल्या सैनिकांच्या नावांची भिंतही पाहता येते. नोंद राहते, पुसली जात नाही. २०१६ च्या ‘एक्सकॉम २’ मध्ये तर पहिल्या खेळातले युद्ध आपण हरलो असे धरून २० वर्षांनंतरची कथा सुरू होते. खेळ बनवणाऱ्यांनी पराभवाला पुढच्या संपूर्ण खेळाचा पाया केल्याचे इतके स्पष्ट दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

परिणाम कठोर केले म्हणजे काम झाले, असे मात्र मला मुळीच म्हणायचे नाही. जपानमध्ये १९९० साली सुरू झालेल्या ‘फायर एम्ब्लेम’ मालिकेत युद्धात पडलेले पात्र कायमचे जाई. प्रत्येक पात्राला नाव होते, कुटुंब होते, बोलण्याची ढब होती. असे पात्र गेले की खेळाडू ते नुकसान पत्करून पुढे जाईल, ही अपेक्षा रास्त वाटते. प्रत्यक्षात असंख्य खेळाडूंनी तो अध्याय पुन्हा सुरू केला आणि कोणीही मरणार नाही तोवर तो खेळत राहिले. नियम जितका निर्दय, तितकी त्याला बगल देण्याची ओढ मोठी. २०१० मध्ये या मालिकेत पडलेली पात्रे पुढच्या अध्यायात परत येतील असा सौम्य पर्याय देण्यात आला, तेव्हा जुन्या खेळाडूंपैकी अनेकांना तो आवडला नाही. मला तो पुन्हापुन्हा जुनी नोंद (म्हणजे आधी जतन करून ठेवलेला खेळ) उघडण्यापेक्षा प्रामाणिक वाटतो, पण त्यात परिणाम जवळजवळ उरतच नाही. २०१७ आणि २०१९ च्या खेळांत मोजक्याच वेळा काळ मागे नेण्याची सोय आली. ती अधिक विचारपूर्वक केलेली आहे, कारण चूक दुरुस्त करण्याची संधीही तिथे जपून खर्च करावी लागते.

जुनी नोंद उघडून पराभव पुसण्याला आळा बसावा म्हणून अनेक खेळांत ‘आयर्नमॅन’ नावाचा पर्याय असतो. त्यात एकच नोंद असते आणि प्रत्येक चालीनंतर ती आपोआप बदलत जाते, त्यामुळे मागे फिरता येत नाही. तत्त्व मला मान्य आहे. अडचण वेगळी आहे आणि आपल्या भागात राहणाऱ्याला ती लगेच कळेल. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, विजेची मागणी वाढते आणि लाइट कधी जाईल याचा भरवसा नसतो. जुनी बॅटरी असलेला लॅपटॉप किंवा इन्व्हर्टर नसलेल्या घरातला संगणक नोंद लिहिली जात असतानाच बंद पडला, तर ती एकमेव नोंद बिघडते आणि कित्येक आठवड्यांचा खेळ एका क्षणात जातो. इथे खेळाडूचा कोणताही निर्णय चुकलेला नसतो. शिक्षा मात्र खेळातल्या सर्वांत मोठ्या चुकीहून मोठी होते. नवी नोंद पूर्ण लिहून झाल्यावरच जुनी काढून टाकणे, किंवा खेळाडूला न दिसणाऱ्या दोन नोंदी आळीपाळीने ठेवणे, हा साधा उपाय आहे. ज्यांनी अखंड वीज गृहीत धरून खेळ बनवला त्यांना हे सुचले नसेल, तर इथल्या खेळाडूंनी ते त्यांना कळवले पाहिजे.

नशिबाचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. ८५ टक्के शक्यतेचा नेम चुकला आणि त्यामुळे मोहीम गेली, तर खेळाडू स्वतःचा निर्णय तपासत नाही, खेळाला दोष देतो. ‘सिव्हिलायझेशन’ या गाजलेल्या खेळाचे निर्माते सिड मायर यांनी २०१० मध्ये गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेतील भाषणात सांगितले होते की आपले बळ तिप्पट असताना झालेला पराभव खेळाडूंना अन्यायाचा वाटतो, पण तेवढ्याच विषम परिस्थितीत दुबळ्या बाजूने मिळवलेला विजय त्यांना अगदी स्वाभाविक वाटतो. २०१२ च्या ‘एक्सकॉम’मध्ये सोप्या पातळ्यांवर सलग नेम चुकले की पुढच्या नेमाची खरी शक्यता पडद्यावरच्या आकड्याहून गुपचूप वाढवली जाते. मला हे पटत नाही. ज्या आकड्यावर विसंबून खेळाडू निर्णय घेतो तोच खोटा असेल, तर मोहीम फसल्यावर त्याने त्यातून नेमके काय शिकायचे? याहून चांगला मार्ग ‘इनटू द ब्रीच’ या २०१८ च्या खेळाने दाखवला. तिथे शत्रू पुढच्या चालीत कोणावर वार करणार हे आधीच दिसते आणि खेळाडूचा वार चुकत नाही. इमारती कोसळल्या तर त्याचे कारण जवळजवळ नेहमीच आपल्या चालीत सापडते. सगळे शहर गेले तरी वाचलेला एक चालक आपला अनुभव घेऊन दुसऱ्या काळरेषेत जातो आणि नवा डाव त्याच्यापासून सुरू होतो. पराभव पूर्ण आहे, पण त्यातून काहीतरी सोबत येते.

या सगळ्यावर एक आक्षेप आहे आणि तो मी सर्वांत गंभीर मानतो. परिणाम पुढे नेले तर हरणारा अधिक हरत जातो. सहा मुरलेले सैनिक गेले की पुढच्या मोहिमेत सहा नवखे पाठवावे लागतात. शत्रू मात्र दिनदर्शिकेप्रमाणे बलवान होत जातो. नवखे पडतात, निधी घटतो, शस्त्रे जुनीच राहतात. तिसऱ्या पराभवानंतर खेळ गणिताने हरलेला असतो, पण तो तसे सांगत नाही, आणि खेळाडू आणखी दहा तास अशा डावात घालवतो ज्याचा निकाल लागून गेलेला आहे. उलट बाजूला, सुरुवातीच्या मोहिमा जिंकणाऱ्याचे बळ इतके वाढते की पुढचा निम्मा खेळ त्याला कंटाळवाणा होतो. दिवसाकाठी तासभर वेळ मिळणाऱ्या विद्यार्थ्याला हे परवडणारे नाही, हेही खरे. या आक्षेपाला ‘खेळाडूने अधिक कणखर व्हावे’ असे उत्तर देणारे लोक मला बेफिकीर वाटतात.

उत्तर रचनेतच शोधावे लागेल, आणि त्याचे तुकडे वेगवेगळ्या खेळांत आधीच आहेत. ‘एक्सकॉम २’ मध्ये शत्रू पुढच्या महिन्यासाठी काय डाव टाकतो आहे हे आधी दाखवले जाते. तो रोखणारी मोहीम फसली तर, उदाहरणार्थ, शत्रूचे चिलखत काही काळ मजबूत होते. परिणामाला नाव आहे आणि बऱ्याचदा मुदतही आहे. शत्रूच्या मुख्य प्रकल्पाची पट्टी भरत जाते, पण त्याच्या एखाद्या केंद्रावर घाव घातला की ती मागेही येते. लढाईत मागे सोडावे लागलेले सैनिक शत्रूच्या कैदेत जाऊ शकतात आणि पुढे कधीतरी त्यांना सोडवण्याची मोहीम समोर येते. म्हणजे एका पराभवातून दुसरे काम जन्माला येते, आणि त्या कामाची ओढ कुठल्याही बक्षिसापेक्षा मोठी असते. ‘बॅटलटेक’ या २०१८ च्या खेळात भाडोत्री सैन्याची तुकडी चालवायची असते. कंत्राटातले काही काम पार पाडून माघार घेतली तर ती प्रामाणिक प्रयत्न म्हणून धरली जाते आणि काही मोबदला मिळतो. काहीच न करता पळ काढला तर पैसेही जातात आणि पतही. यश, अपयश आणि मधला अर्धवट निकाल अशा तीन पायऱ्या केल्या की हरत चाललेल्या मोहिमेतही शेवटच्या चालीपर्यंत विचार करण्यासारखे काही उरते.

आपल्या महाविद्यालयांतली एटीकेटीची पद्धत याच्या फार जवळची आहे. एकदोन विषय राहिले म्हणून विद्यार्थ्याचे वर्ष जात नाही, आणि ते विषय माफही होत नाहीत. ते सोबत घेऊनच पुढच्या वर्गात बसावे लागते, नव्या अभ्यासाबरोबर जुन्याचा भार वाहावा लागतो, आणि किती विषय राहिले तर पुढे जाता येणार नाही याची मर्यादा पहिल्या दिवसापासून माहीत असते. केटी सुटली की ओझे उतरते. खेळातल्या फसलेल्या मोहिमेचा परिणाम असाच असावा: दिसणारा, वाहावा लागणारा, फेडता येणारा, आणि कुठे पोहोचल्यावर डाव खरोखर संपला हे स्पष्ट सांगणारा. शेवटची अट अनेक बनवणारे विसरतात. हरलेला डाव हरला आहे हे वेळेवर सांगणे हा खेळाडूच्या वेळेचा आदर आहे.

परिणाम खेळाच्या जगातच असावा, असे मी सुरुवातीला म्हटले, ते मोबाइलवरच्या खेळांकडे पाहून. त्यांतल्या पुष्कळ खेळांत मोहीम फसली की दोन दारे उघडतात. पडलेला नायक उठेपर्यंत काही तास थांबा, किंवा पैसे भरून त्याला आत्ताच उठवा. इथे पराभवाचा विचार करायला जागाच ठेवलेली नाही. पराभव हाच विक्रीचा क्षण आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयीच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, प्रोत्साहन देण्याची भूमिका घेतली. पैज आणि खेळ यांच्यात ओढलेली ती रेघ मला योग्य वाटते. परंतु पैज नसतानाही ज्या खेळाचे उत्पन्न मुलाच्या हरण्यावर अवलंबून असते, त्या खेळात मुलाने हरत राहावे असाच बनवणाऱ्याचा स्वार्थ असतो, आणि असा खेळ न्याय्य पराभव रचू शकत नाही. हरल्यानंतर पुन्हा उभे राहण्यासाठी पैसे मागणाऱ्या खेळांवर तशी ठळक सूचना खेळ उतरवून घेण्यापूर्वीच दिसली पाहिजे, अशी मागणी ग्राहक चळवळीने आणि पालकांनी करायला हवी. तालुक्याच्या गावातल्या बापाच्या फोनवर खेळणाऱ्या मुलाच्या बाबतीत ही सूचना बापालाच आधी दिसेल.

आणखी एक कारण आहे, आणि खानदेशी म्हणून ते मला सर्वांत जवळचे वाटते. जिंकल्याशिवाय पुढचे पान न उलटणाऱ्या खेळात फक्त जेत्यांचा इतिहास मांडता येतो. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला, त्यानंतर सातपुड्यातल्या भिल्लांचे उठाव पुढची कित्येक वर्षे पुन्हापुन्हा होत राहिले. त्यांना आवरण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने १८२५ मध्ये भिल्लांचीच पलटण उभी केली. एप्रिल १८५८ मध्ये सातपुड्यातल्या आंबापाणी येथे लढाई झाली, उठाव करणाऱ्यांची मोठी हानी झाली, तरी भिल्लांचे नेते खाज्या नाईक लगेच इंग्रजांच्या हाती लागले नाहीत आणि संघर्षही त्या दिवशी संपला नाही. हा इतिहास खेळात आणायचा असेल तर ‘मोहीम अयशस्वी, पुन्हा प्रयत्न करा’ ही पाटी त्याचा गळा घोटते. आंबापाणी जिंकेपर्यंत खेळाडूला तिथेच फिरवत ठेवणे म्हणजे जे घडले नाही ते घडवून आणणे होय. उलट, त्या लढाईतून किती माणसे वाचवून डोंगरात नेता आली, कोणती गावे अजून धान्य देतील, कोणती वाट बंद झाली, हे पुढच्या मोहिमेत मोजले गेले, तर त्या लोकांनी कशा परिस्थितीत निर्णय घेतले याची थोडी तरी जाण खेळणाऱ्याला येईल. हरूनही पुढे चाललेल्या माणसांची गोष्ट सांगायची, तर ती सांगू देणारे नियम आधी लागतात.

हे काम करायला मोठ्या शहरातल्या कंपनीची वाट पाहण्याची गरज नाही. ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ हा २००३ पासून चालत आलेला आळीपाळीचा खेळ मोफत आहे, मुक्त स्रोत आहे (म्हणजे त्याचा प्रोग्राम कोणालाही पाहता आणि बदलता येतो), जुन्या संगणकावर आणि इंटरनेटशिवाय चालतो. त्याच्या मोहिमा साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेल्या असतात, त्यामुळे प्रोग्रामिंग फारसे न येणाऱ्यालाही नवी मोहीम रचता येते. त्यात अनुभवी सैनिक आणि उरलेल्या सोन्याचा काही भाग पुढच्या मोहिमेत जातो, आणि हात अगदी रिकामे असले तरी ठरावीक किमान सोने मिळण्याची सोय असते. हरणाऱ्याची घसरण थांबवणारी ही तळाची फळी मला त्या खेळातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. उणीव एवढीच, की दिलेल्या चाली संपल्या किंवा नायक पडला तर मोहीम सहसा तिथेच थांबते आणि जुनी नोंद उघडावी लागते. पण चाली संपल्यावर काय घडावे हे मोहीम लिहिणाऱ्याला बदलता येते. तिथून दुसऱ्याच, अधिक खडतर मोहिमेकडे वाट काढता येते.

इथल्या अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून एवढेच हाती घ्यावे: आंबापाणीपासून सुरू होणारी, पाचसहा टप्प्यांची मराठी किंवा अहिराणीतली एक मोहीम, जिच्यात प्रत्येक टप्प्यावर हरण्याची वाट जिंकण्याच्या वाटेइतक्याच काळजीने लिहिलेली असेल. ज्यांच्या पूर्वजांची ही गोष्ट आहे त्या पाड्यांवरच्या विद्यार्थ्यांना लेखनात पहिल्यापासून सोबत घ्यावे. आणि तपासणीसाठी ती पटाईत खेळाडूंच्या हाती देण्याआधी असे खेळ कधीच न खेळलेल्या मुलांकडे द्यावी, सलग तीन टप्पे हरल्यावर त्यांना चौथा खेळावासा वाटतो का हे पाहावे, आणि वाटत नसेल तर किमान सोन्याचा आकडा, वाचलेल्या माणसांची संख्या आणि पुढच्या टप्प्यातली शत्रूची ताकद बदलून ती त्यांच्याकडून पुन्हा खेळवून घ्यावी.